त्रेसष्टाव्या वर्षी मिळालेली मैत्रीण

हिरा,

"उद्या भांडू गं. आता मेंढरं आली," म्हणालीस आणि फोन ठेवलास. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. मी इकडं सांगलीत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ते मनातल्या मनात पुरं केलं, त्यावर तू काय म्हणशील ते ठरवलं आणि त्यावरचं माझं उत्तरही तयार ठेवलं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईची ही खोड. पाठाची तयारी आदल्या दिवशीच झालेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बिरूचा फोन आला. "आई," तो म्हणाला. मला तो आई म्हणतो, तुला अव्वा. मग म्हणाला, "अव्वा गेली."

तू ओट्यावर चहा घेऊन बसली होतीस म्हणे. पुतण्या मेंढरं घेऊन रानात गेला होता. शेजारची गौरा काहीतरी विचारायला आली, तर तू भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, कप शेजारी, निम्मा प्यालेला. तिला वाटलं, डुलकी लागली. ती थोडा वेळ तशीच तुझ्याशी बोलत बसली होती. हे सांगताना ती रडली, पण मला ते ऐकून बरं वाटलं. शेवटीसुद्धा तुझ्याशी कुणीतरी बोलतच होतं.

परवा तुझं तेरावं झालं. त्याआधी तुला माती द्यायला आलेल्यांत एक फेटेवाले आजोबा होते. माझ्याकडं बोट करून शेजारच्याला विचारत होते, "ही कोण रडतीया?"

"हिराक्काची इहीन."

"इहीन? आन येवढी?"

तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. त्या आजोबांचं तरी काय चुकलं? विहिणींनी एकमेकींचा मानपान मोजावा, उणंदुणं काढावं, फार तर सणाला गोड बोलावं. त्यातून आपली सुरुवात तर सगळ्या विहिणींपेक्षा वाईट.

तुला हे सगळं माहीत आहे. तरी पहिल्यापासून लिहिते. तुझ्यापाशी मला सगळं पहिल्यापासून सांगायची सवय आहे, आणि माहीत असलेली गोष्टसुद्धा तू "पुढं?" म्हणून ऐकायचीस.

संपदा माझी एकुलती एक. आम्ही सांगलीचे जैन, हळदीच्या व्यापारातले, दिवस मावळायच्या आत जेवणारे, घरात कांदा-बटाटा न आणणारे. तुझा बिरू जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला, शिकून जनावरांचा डॉक्टर झालेला. बाप लहानपणीच गेलेला, तू एकटीनं वाढवलेला. दोघं नोकरीच्या निमित्तानं साताऱ्यात भेटली आणि लग्न ठरवूनच त्यांनी घरी सांगितलं. मी लग्नाला आले नाही. संपदेचे वडील जाऊन अक्षता टाकून आले आणि आल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पुढं नऊ वर्षं आपण एकमेकींना टाळलं. ओवीच्या बारशाला तू सकाळी आलीस, मी दुपारी गेले. संपदा आपल्या येण्याजाण्याच्या वेळा अशा जुळवायची की स्टँडवरसुद्धा आपली गाठ पडू नये.

मग ती स्कूटरवरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली, तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही. बिरूची बदली नेमकी त्याच वर्षी लांब झालेली, ओवी सात वर्षांची. एका आजीनं भागणार नव्हतं. साताऱ्याच्या त्या दोन खोल्यांत आतल्या खोलीत संपदा आणि बाहेरच्या खोलीत दोन खाटा, मध्ये हातभर अंतर. मी त्रेसष्टची, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. तू सदुसष्टची.

आल्याआल्या तू पिशवीतून स्वतःची बारकी शेगडी, तवा, ताट आणि तांब्या काढलास आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात मांडून ठेवलास. "आवं बाई, तुमच्या भांड्यास्नी माझा हात लागायचा न्हाई. तुमी बिनघोर ऱ्हावा."

मी "बरं" म्हणाले. तेवढंच. 

दहा दिवस आपण ओवीच्या तोंडून बोललो. "ओवी, आजीला सांग दूध उतू जातंय." "ओवी, आजीला म्हनावं, दिसतंय मला." पोरगी दोघींच्या मध्ये उभी राहून विचारायची, "कुठल्या आजीला?"

अकराव्या दिवशी तू तांदूळ निवडत होतीस आणि खडे ताटातच राहत होते. आधी मला वाटलं, मुद्दाम करतेय. मग बघितलं, तर तू बोटांनी चाचपून निवडत होतीस. डोळे भलतीकडंच होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तुझ्याशी सरळ बोलले.

"तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय की. धुकं पडल्यागत दिसतंय. वय झालं बाई, आता आनी कसं दिसायचं?"

मला राग आला. वर्गात यायचा तसला. "वय झालं म्हणजे काय? मोतीबिंदू आहे तो. पिकलाय."

"पिकला तर गळून पडंल."

दोन दिवसांनी मी तुला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडं नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभी होते. तू बराच वेळ माझ्याकडं निरखून बघितलंस आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "आवं बाई, तुमी तर लय म्हाताऱ्या हायसा!"

नर्स बिचारी कावरीबावरी झाली. मी हसायला लागले. खुर्ची धरून हसले. नवरा गेल्यापासून मी तशी हसले नव्हते, आणि खरं सांगायचं तर तो असतानाही फारशी हसले नव्हते. तूही डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून हसत होतीस. रिक्षातून येताना तू दुकानांच्या पाट्या बघितल्यास, किल्ल्यावरचं गवत बघितलंस, रिक्षावाल्याच्या मानेवरचा तीळ बघितलास आणि त्याला तो सांगितलासही. घरी येऊन स्वतःच्या लुगड्याकडं बघितलंस. "ह्ये जांभळं हाय व्हय? मी चार वर्सं काळं म्हनून नेसतीया."

त्या संध्याकाळी बाल्कनीत तुझ्या चुलीवर, म्हणजे त्या बारक्या शेगडीवर, तू भाकरी टाकलीस. मी ताट घेऊन आले आणि तुझ्या शेजारी खाली बसले. गुडघे दुखत होते, तरी बसले. "मला एक द्या," म्हणाले. तू निम्मी मोडून दिलीस आणि मी घास तोंडात घालीपर्यंत हात तसाच धरून ठेवलास. दुसऱ्या दिवशी तुझा तवा आतल्या गॅसवर आला. कुणी आणला ते तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

नंतर कधीतरी, संपदेचे केस विंचरताना, तू मला विचारलंस, "तुमाला बारक्यापनी काय म्हनायचे?"

"पद्मे म्हणायचे."

"मग म्या बी तेच म्हनते. अहो-जाहो कुनापायी करायचं आता? ज्यांच्याम्होरं करायचं ती सगळी गेली."

हे ऐकून संपदा उशीवर तोंड दाबून हसत होती. मी मात्र मनात मोजत बसले. आईवडील गेले, भाऊ गेला, वर्गातली शेवटची मैत्रीण गेली, नवरा गेला. मी शाळेची बाई होते, गल्लीची काकू होते, आई होते, आजी होते. 'अगं ए' म्हणून हाक मारणारं कुणी उरलेलं नव्हतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. म्हातारपणात माणसं जातात हे सगळ्यांनी सांगितलेलं असतं. त्या वयात माणूस येतंही, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

संपदा चालायला लागली, तरी आपलं येणंजाणं थांबलं नाही. उन्हाळ्यात, तुमच्याकडं टँकरच्या पाळ्या लागल्या की तू सांगलीला यायचीस. दिवाळी झाली की मी तुझ्याकडं. तुझ्या गावात पहिल्या वर्षी बायका मला बघायला यायच्या. "मास्तरीनबाई आमच्यात जेवत्यात व्हय?" तू माझ्यासाठी कांद्याशिवाय डाळ करायचीस आणि मी जेवायला बसले की दार ओढून घ्यायचीस. माझ्या आग्रहाला 'साकु, साकु' म्हणायचीस, आणि पुरे हा शब्द मला कानडीतच खरा वाटायला लागला.

आपली भांडणं मात्र व्हायची. मी तुला अक्षरं शिकवायला घेतली. पाटी आणली, खडू आणले. तीन दिवस तू बसलीस. चौथ्या दिवशी पाटीवर वाळवणं घातलीस.

"हिरा, स्वतःचं नाव तरी लिही!"

"कुनाला दावू? तू हाईस की वाचाय. म्या ऐकते. मला ऐकायला गोड लागतंय."

"आणि मी नसताना?"

"तू नसताना कशाला वाचायचं?"

हे भांडण सात वर्षं चाललं. मी हरले, पण तुझं म्हणणं मला आजही पटलेलं नाही.

पोहण्याचं खूळ मात्र तुझंच. एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. पोरं उड्या टाकत होती. तू विचारलंस, "तुला येतंय का पवाय?"

"नाही. मुलींना नदीत उतरू द्यायचे नाहीत."

"येवढी नदी दाराम्होरं आन पवाय येत न्हाई!" तू माझ्याकडं असं बघितलंस की जसं काही मी नदीच फुकट घालवली. मग म्हणालीस, "मला शिकायचंय."

"एकोणसत्तराव्या वर्षी?"

"मग कवा? जल्मभर पानी डोक्यावर वाहिलं म्या. येकदा त्यानं मला वाहूंदे की."

मी आठ दिवस टाळाटाळ केली. डॉक्टरांचा दाखला लागेल म्हणाले, तू दाखला घेऊन आलीस. पोहण्याच्या तलावावरच्या कारकुनानं फॉर्म बघून विचारलं, "आजी, नातीचं नाव घालायचं ना?" तू म्हणालीस, "न्हाई, माझंच घाल. आन खाली हिचं घाल." म्हणजे माझं. मला विचारलंसुद्धा नव्हतंस.

तो पोहण्याचा पोशाख! गुडघ्याखालीपर्यंतचा, लांब बाह्यांचा, तरी तू आरशासमोर उभी राहून म्हणालीस, "बिरूच्या बानं बगितलं असतं तर मेंढरं सोडून पळून गेला असता." दुपारची बायकांची वेळ. शिकवायला तृप्ती नावाची बाविशीची मुलगी. तिनं आपल्याला कधी 'या वयात' म्हटलं नाही, म्हणून ती मला आवडली.

चौथ्या दिवशी तिनं तुझ्या पाठीखालचा हात हळूच काढून घेतला आणि तुला सांगितलंच नाही. तू वर बघत पडून राहिलीस. कान पाण्यात, त्यामुळं मी काठावरून "हिरा, तू तरंगतेस गं!" म्हणून ओरडत होते ते तुला ऐकू गेलं नाही. मला तुझा चेहरा दिसत होता. लहान बाळाला न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळल्यावर ते जसं गप्प पडून राहतं, तसा.  घरी येऊन दोन तास झोपलीस. उठलीस आणि म्हणालीस, "मला वाटलं हुतं, आता व्हायचं ते सगळं हून गेलं."

मला शिकायला दीड महिना लागला. मी आयुष्यात कशातच नापास झाले नव्हते, कारण जिथं नापास व्हायची शक्यता होती तिथं मी कधी पाऊलच टाकलं नव्हतं. आणि आता रोज दुपारी शाळकरी पोरींसमोर नाकातोंडात पाणी जाऊन खोकत उभी राहायचे, तरी मला लाज वाटत नव्हती. मी ती लाज शोधायचे. जिभेनं पडलेल्या दाताची जागा चाचपावी तशी. ती नव्हतीच. एका पोरीनं विचारलं, "आमच्या आईला तुम्ही शिकवायला होता ना? ती म्हणते, तुम्ही लय कडक होता." मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "कडक हुती. आता भिजत घातलीया."

तसंच झालं होतं, हिरा. माझा राग गावात प्रसिद्ध होता. तोही कधी गेला ते कळलं नाही. अजून येतो, पण दाराशी येऊन विसरल्यासारखा परत जातो. आधी मला वाटायचं, शक्ती कमी झाली म्हणून असेल. मग लक्षात आलं की मला सकाळी उठल्यावर कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. गुडघे दुखतात, नावं आठवत नाहीत, झोप तुटकी येते, हे सगळं आहेच. पण आपण दोघी एसटीनं फिरायचो तेव्हा आपल्याकडं कुणाचं लक्ष नसायचं, आणि त्याची काय मजा होती! मनाला येईल तिथं उतरायचं, उसाचा रस प्यायचा, अनोळखी लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून नवरी कशी आहे ते बघायचं. चाळिशीत हे करायला मी धजले नसते.

मग गेल्या वर्षी तुला धाप लागायला लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयातली एक झडप खराब झालीय, ऑपरेशन करावं लागेल, वय बघता धोका आहे. तू शांतपणे विचारलंस, "न्हाई क्येलं तर?" ते म्हणाले, सांगता येत नाही, वर्ष, कदाचित कमी. तू उठलीस, त्यांना नमस्कार केलास आणि बाहेर येऊन म्हणालीस, "चल, भूक लागली."

मी तुझ्याशी आठ दिवस फोनवर बोलले नाही. नवव्या दिवशी तुझाच फोन आला.

"तुला माझी काही पर्वा नाही," मी म्हणाले.

"हाय म्हनून तर. महिनोन्‌महिने म्या खाटंवर पडायचं आन तू उशाला डोळं पुसत बसायचं, आसं का? मला मरायची हौस न्हाई, पदमे. पर अजून दोन-चार गोष्टी करायच्या ऱ्हायल्यात, त्या आदी करूंदे."

त्यातली एक पाचगणी. हिवाळ्यात आपण ओवीला घेऊन गेलो. शेतात बसून तू स्ट्रॉबेरी खाल्लीस, तोंड वाकडं केलंस आणि "आंबाट हाय, पर दिसाय काय झ्याक!" म्हणून आणखी चार खाल्ल्यास. पठारावर तू दर पन्नास पावलांवर बसत होतीस. चौदा वर्षांची ओवी घाबरून माझ्याकडं बघायची. तू तिला म्हणालीस, "घाबरू नगं. बसलं की जास्त दिसतंय."

तरी मी सांगते, ऑपरेशन करायला हवं होतं. तू गेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. कदाचित अजून पाच वर्षं मिळाली असती. कदाचित टेबलावरच गेली असतीस. मला माहीत नाही. त्या दिवशी फोनवर मी हेच सांगत होते, आणि तू मेंढरांचं निमित्त काढून निसटलीस.

आता ते लिहिते जे तू मला कधी बोलू दिलं नाहीस.

लग्नाच्या आधी महिनाभर तू एकटी एसटीनं सांगलीला आली होतीस. पत्ता विचारत विचारत, उन्हाच्या वेळी. हातात नारळ आणि खण. मी दार उघडलं, तू कोण ते ओळखलं, आणि उंबऱ्याच्या आतूनच बोलले. "आमच्या घराण्यात असं कुणी केलेलं नाही. तुमच्या मुलाला समजवा." आत ये म्हणाले नाही. पाणी विचारलं नाही. तुझ्या गावात टँकरच्या पाण्यातला तांब्या अनोळखी वाटसरूलाही पुढं करतात, हे मला पुढं कळलं. तू नारळ आणि खण उंबऱ्यावर ठेवून गेलीस. मी दार लावून घेतलं.

याची माफी मागायचा मी तीनदा प्रयत्न केला. एकदा साताऱ्यात, एकदा तुझ्या ओट्यावर, एकदा तलावाच्या पायऱ्यांवर. दर वेळी तू म्हणालीस, "मला काय ध्येनात न्हाई बग. वय झालं, समदं ठिवायला जागा कुठंय?" मला कळायचं नाही, की तू खरंच विसरलीस, की मला सोडवतेस.

तेराव्याच्या दिवशी माणसं पांगल्यावर मी बिरूला गोठ्यापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. उंबरा, ऊन, नारळ, सगळं. मला वाटलं, आता हा काहीही बोलो, मी ऐकून घेईन. त्यानं गोठ्याच्या खांबाला पाठ टेकली. मग म्हणाला, "अव्वा त्या दिवशी घरी आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली ती माणसं? म्हणाली, 'लय मोठ्या मनाची हायत. पाटावर बसवलं, चा दिला, पानी दिलं. लगीन त्यास्नी पटत न्हाई, पर त्येला येळ लागतुया. तू राग धरायचा न्हाई.'"



"त्या चहावर मी नऊ वर्षं तुमच्यावर रागावलो नाही, आई," बिरू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. मग त्यानं आभाळाकडं बघितलं. "चला, जेवून घ्या. दिवस मावळायला आलाय."

मी त्याच्यामागून आत गेले आणि जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

म्हणजे तू विसरली नव्हतीस. घरी परतायच्या वाटेवर, तापलेल्या एसटीत, कोरड्या घशानं बसून तू त्या न मिळालेल्या चहाची गोष्ट रचली असशील. माझी लेक ज्या घरात जाणार होती, त्या घरात माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य तू चांगलं ठेवलंस. मी तुझ्यापुढं तीनदा माफीची तयारी करून आले, आणि ती तू कधीच देऊन टाकली होतीस, माझ्या मागं, मला न सांगता. हे समजायला मला सत्तर वर्षांचं व्हावं लागलं. त्याआधी कळलं असतं तर मी ते उपकार समजून मनातल्या मनात तुझ्यावर चिडले असते. आता मला ते नुसतं घेता येतंय.

काल मी परत यायला निघाले. जतच्या स्टँडवर बिरू सोडायला आला होता, म्हणाला, दिवाळीनंतर नेहमीसारखं या. येईन म्हणाले. तुझ्या घरी तू नसताना कसं यायचं ते मला ठाऊक नाही, पण येईन. गौरानं डाळ मी करीन म्हणून सांगितलंय.

गाडीत गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसले, शेजारी पिशवी ठेवली. कवठेमहांकाळला एक बाई चढली, माझ्याच वयाची असेल, काखेत बोचकं, कपाळावर घाम. बाकीच्या जागा सोडून माझ्यापाशीच येऊन थांबली. "सरकता का वाईच?" म्हणाली.

मला कुणाशी बोलायचं नव्हतं. पूर्वीची मी असते तर पिशवीतलं वर्तमानपत्र काढून तोंडासमोर धरलं असतं. आता नवीन माणूस आयुष्यात यायचं वय राहिलं नाही, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी अगदी पक्कं माहीत होतं.

मी पिशवी मांडीवर घेतली. तिला घाम आला होता म्हणून खिडकीची जागा तिला दिली. ती बसली, वाऱ्याकडं तोंड केलं, आणि गाडी सुटल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, "लेकीकडं निघालासा का?"

"नाही, मैत्रिणीकडून आले," मी म्हणाले. आणि तिला नाव विचारलं.

शकुंतला, म्हणाली. मिरज यायला अजून बराच वेळ होता.